ताटातील मोकळी जागा

मराठी मुलुखातील शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शाळा, पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्त्या आणि परीक्षा यांचा तपशील पुष्कळ बारकाईने नोंदविला आहे. परंतु विद्यार्थी जेवत कोठे होता, हा प्रश्न त्या इतिहासाच्या समासातच राहून गेला. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत गरिबाघरचे जे मूल या प्रदेशात शिकले, ते पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी अन्नावर शिकले. पुण्यासारख्या शहरात माधुकरी मागून, अथवा सात घरी सात वार लावून, विद्या संपादन केलेल्या मुलांच्या हकिगती आपल्या आत्मचरित्रांतून विपुल आढळतात. त्या मोठेपणी कृतज्ञतेने सांगितल्या गेल्या असल्या, तरी एखाद्या घरचा वार चुकला की तो दिवस उपाशी काढावा लागे, आणि असा वार मिळण्याची सोय मुळात थोड्या जातींच्या मुलांपुरतीच होती, ही दोन सत्ये त्या कृतज्ञतेच्या आड झाकली जाऊ नयेत.

ज्यांना वारही मिळत नव्हता, त्यांची तजवीज समाजसुधारकांनी केली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात महात्मा जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनी पुण्यानजीक धनकवडी येथे बालाश्रम उघडून भुकेल्या मुलांच्या अन्नाची सोय केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कारण खेड्यातील मुलास शाळेत नाव घालता आले तरी शहरात राहून दोन वेळा जेवता येत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास १९२४ मध्ये काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत, आणि धान्य संपून तो संसार अडला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, विकून मुलांस जेवू घातले. त्या माउलीपुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. परंतु एका स्त्रीवर असा प्रसंग यावा, याचा दुसरा अर्थ असा होतो की मुलांच्या अन्नाचा भार ज्या राजसत्तेने वाहावयाचा, तिने तो त्या काळी वाहिलेला नव्हता.

तो भार आपल्या देशात पुढे राजसत्तेच्या शिरावर आला, पण फार सावकाश. मद्रास नगरपालिकेने १९२० च्या सुमारास आपल्या एका शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये त्या उपक्रमास राज्यव्यापी स्वरूप येऊ लागले. आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. अखिल भारताच्या पातळीवर मात्र केंद्र सरकारची योजना यावयास १५ ऑगस्ट १९९५ हा दिवस उजाडावा लागला, आणि तीही बहुतेक राज्यांत शिजविलेल्या अन्नाची नव्हती. महिन्यास ८० टक्के हजेरी भरली की मुलाच्या नावे तीन किलो धान्य घरी न्यावयास मिळे. ते धान्य घरातल्या कोठीत पडून सर्वांच्या तोंडी वाटले जाई, आणि ज्या मुलाच्या हजेरीवर ते मिळाले, ते मूल दुपारच्या तासाला पूर्वीइतकेच उपाशी बसे. ही विपरीतता थांबली ती न्यायालयाच्या हुकुमाने. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की सरकारी व सरकारी मदत मिळणाऱ्या प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास वर्षातील किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि आठ ते बारा ग्रॅम प्रथिने देणारे शिजविलेले अन्न मिळाले पाहिजे. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या आदेशास वैधानिक बैठक दिली. आज 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे नाव धारण केलेली, आणि महाराष्ट्रात लोकांच्या तोंडी अद्याप 'शालेय पोषण आहार' किंवा नुसती 'खिचडी' या नावानेच असलेली योजना अशा रीतीने मुलांचा हक्क बनली. ज्या दिवशी जेवण मिळत नाही त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता मुलास दिला पाहिजे, असे २०१५ चे नियम सांगतात. दानधर्मात आणि हक्कात जो भेद आहे, तो या एका कलमात स्पष्ट दिसतो.

हा हक्क ताटात किती उतरला, हे आता पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ अथवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी ते दीडपट आहे. या प्रमाणातून लहान मुलास ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. आता १०० ग्रॅम तांदळात सुमारे ३४५ उष्मांक आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि २० ग्रॅम डाळीत सुमारे पाच ग्रॅम. म्हणजे दंडकातील तीन चतुर्थांश उष्मांक आणि निम्म्याहून अधिक प्रथिने एकट्या तांदळानेच भरून निघतात, आणि डाळीची व तेलाची बेरीज केली की कागदावरचा आकडा पूर्ण होतो. भाजी त्या दिवशी ५० ग्रॅम पडली की १०, हे त्या आकड्यात दिसत नाही. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ब-१२ यांपैकी एकाचेही नाव त्या दंडकाच्या बेरजेत येत नाही. तांदूळ केंद्राच्या कोठारांतून विनामूल्य येतो, म्हणून भात बहुधा ताटात पडतोच. त्याच्याभोवती जे पडावयाचे, त्याच्यासाठी मात्र पैसा, वेळ आणि माणूस लागते. या राज्यातील शालेय आहाराची सारी दुर्बलता भाताभोवतीच्या त्या मोकळ्या जागेत साठलेली आहे, असे माझे मत आहे, आणि ती जागा भरण्याचे दायित्व शासनाने कोणाच्याही औदार्यावर सोपविता कामा नये, एवढेच या लेखात मला आग्रहाने मांडावयाचे आहे.

शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच आपल्या मुलांची अवस्था काय असते, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, नमूद झाले आहे. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली, ३६ मुलांचे वजन कमी, आणि सहा महिन्यांवरील १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुले रक्तक्षयी. देशातील शालेय वयाच्या मुलांची पाहणी करणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के आणि किशोरवयीनांपैकी २८ टक्के रक्तक्षयी आढळले. आणि त्याच पाहणीत शालेय वयाच्या दहांतील एका मुलाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचेही दिसून आले. एकाच वर्गात एका बाकावर रक्त कमी असलेले आणि दुसऱ्या बाकावर रक्तात साखर वाढू लागलेले मूल बसले आहे, अशी ही स्थिती आहे. रक्तक्षयी मूल आजारी दिसतेच असे नाही. ते फक्त मंद दिसते. दुपारनंतर डोके बाकावर टेकते, पाढा म्हणताना मध्येच थांबते, मैदानावर धावून झाले की इतरांआधी कडेला जाऊन बसते. आणि शिक्षक, पालक व कालांतराने ते मूल स्वतःही अशा समजुतीवर येते की आपल्याला विद्येत गती नाही. पोटभर भात खाऊनही हे असेच राहू शकते. कारण त्या मुलाची उणीव भाताने भरून निघणारी नसते.

आता पैशाचा मामला. डाळ, भाजी, तेल, तिखटमीठ आणि इंधन या सर्वांसाठी मिळून केंद्र सरकारने १ मे २०२५ पासून जो दर ठरविला, तो प्राथमिक वर्गाच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे आहे. बाजारात एक कोंबडीचे अंडे साधारण याच किमतीस पडते. अर्थात एका लहान मुलाच्या दिवसाच्या डाळीस, भाजीस, तेलास आणि सरपणास मिळून शासन जेवढे देते, तेवढ्यात एक अंडे येते आणि मग चूलही पेटविता येत नाही. ही रक्कम केंद्र व राज्य यांनी ६० आणि ४० अशा वाट्याने उचलावयाची असते. राज्यांस त्यात स्वतःची भर घालण्याची मुभा आहे, आणि राज्याराज्यांतील मुलांच्या ताटांत जो फरक पडतो तो या मुभेचा उपयोग कोणी किती केला, यावरून पडतो.

तमिळनाडूने आपल्या शाळांत १९८९ मध्ये प्रथम पंधरवड्यास एक अंडे द्यावयास आरंभ केला, मग आठवड्यास एक, आणि पुढे शाळेच्या प्रत्येक दिवशी एक, अशी ती वाढ सरकारे बदलली तरी खंडित होऊ दिली नाही. दुपारच्या जेवणाखेरीज सकाळच्या न्याहारीची योजनाही तेथे २०२२ पासून सुरू झाली आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळे अथवा स्थानिक फळ, असा निर्णय केला. जून २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन तांदळाच्या पदार्थासोबत मोड आलेले कडधान्य आणि गोडासाठी खीर किंवा नाचणीसत्त्व, असा तीन पदार्थांचा आहार ठरविला. पाककृतींची ती यादी मी मोठ्या समाधानाने वाचली होती. मटकीची उसळ, मूग-शेवग्याचे वरण आणि भात, चवळीची खिचडी, अंडा पुलाव, नाचणीसत्त्व, ही नावेच सांगत होती की ती तयार करणाऱ्यांना मराठी घरातील रांधप आणि मुलांची गरज या दोन्हींची जाण आहे. परंतु पुरते वर्षही उलटले नाही तोच, जानेवारी २०२५ मध्ये, अंडी आणि साखर यांसाठी राज्याच्या तिजोरीतून वेगळा निधी मिळणार नाही, ज्या शाळांना हे पदार्थ द्यावयाचे असतील त्यांनी ते लोकसहभागातून द्यावेत, असा निर्णय निघाला. वाचलेली रक्कम सुमारे ५० कोटी रुपयांची असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या वार्षिक अर्थसंकल्पाचे आकारमान ज्याला ठाऊक आहे, त्याला या रकमेसाठी मुलांच्या ताटाकडे हात जावा याचे दुःख झाल्यावाचून राहणार नाही.

लोकसहभाग ही चांगली गोष्ट आहे, आणि खेड्यातील माणसे आपल्या शाळेसाठी हात आखडता घेत नाहीत. कोणी भिंत रंगवून देतो, कोणी पाण्याची टाकी बसवून देतो, कोणाच्या घरी कार्य झाले तर शाळेत जिलबी येते. पण वर्गणी कोणत्या गावात गोळा होते, हे पाहिले पाहिजे. जेथे ऊस आहे, दूधसंघ आहे, नोकरदार मंडळी आहेत, तेथे ती सहज जमते. नंदुरबारच्या डोंगरात, मेळघाटातील पाड्यावर, जव्हार-मोखाड्यात, अथवा दिवाळीनंतर निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते अशा बीडच्या एखाद्या तांड्यावर ती कोणी द्यावयाची? ज्या मुलास अंड्याची गरज सर्वांत कमी, त्याच्या ताटात ते पडेल आणि ज्याला सर्वांत अधिक, त्याच्या ताटाला ते चुकेल, ही या व्यवस्थेची अटळ परिणती आहे. आणि समजा, कोण्या उदार गृहस्थाने ते दिलेही, तरी ते त्याचा हात चालेल तोवर मिळणार. माधुकरीच्या आणि वाराच्या ज्या अनिश्चिततेतून गरिबाच्या मुलास बाहेर काढण्यासाठी या प्रदेशातील थोर पुरुषांनी आणि स्त्रियांनी आयुष्ये वेचली, तीच अनिश्चितता आपण एका शासननिर्णयाने पुन्हा त्याच्या वाट्यास आणीत आहो.

अंड्याविषयी जो धार्मिक आक्षेप घेतला जातो, त्याचा मी अनादर करीत नाही. ज्या घरात अंडे वर्ज्य आहे, त्या घरच्या मुलास ते देऊ नये, आणि त्याला पंक्तीत संकोच वाटेल असेही वागू नये. परंतु एकाचा नेम दुसऱ्याचे ताट रिकामे ठेवण्यास कारण होऊ शकत नाही. आणि अंड्याऐवजी केळे दिले म्हणजे भरपाई झाली, असे मानणेही बरोबर नाही, कारण अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात व केळ्यात जेमतेम एक. न खाणाऱ्यास दूध द्यावे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्यावा. मूठभर शेंगदाण्यांत अंड्याच्या तोडीची प्रथिने असतात आणि ते या मातीत पिकतात.

हे सारे अन्न शिजविणारी व्यक्ती आपल्या चर्चेत फार क्वचित येते. घाटमाथ्यावरील एका जिल्हा परिषद शाळेच्या स्वयंपाकखोलीत काही वेळ बसण्याचा योग मला आला होता. पत्र्याचे छप्पर, एका कोपऱ्यात सिमेंटच्या ओट्यावर तांदळाची पोती, दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी, आणि भिंतीला लावलेला त्या आठवड्याच्या पाककृतींचा तक्ता. दोन बायका सकाळी नऊपासून कामास लागल्या होत्या. एकीने परातीत तांदूळ पसरून खडे वेचता वेचता त्यातील किंचित वेगळ्या रंगाचे दाणे बाजूला काढावयास सुरुवात केली. विचारल्यावर म्हणाली, "प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात हो, पोरांच्या पोटात नको जायला." तो प्लास्टिकचा नव्हता. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ हे जीवनसत्त्व घालून पिठापासून बनविलेले ते गुणसंवर्धित दाणे होते; शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळले जातात, म्हणजे एका मुलाच्या वाट्यास त्यातले एक ग्रॅम येते. रक्तक्षयावरचा शासनाचा हा महत्त्वाचा उपाय ती बाई मुलांच्या काळजीपोटीच निवडून उकिरड्यावर टाकीत होती, आणि तिला कोणी काही सांगितलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी तिला समजावून दिल्यावर तिने जे विचारले ते अधिक मोलाचे होते: मग डोंगरापलीकडच्या वस्तीत ज्या पोरांच्या रक्ताचा तो वंशागत आजार आहे, त्यांना हे चालते का? सिकलसेल आणि थॅलेसेमिया असलेल्यांना लोहयुक्त अन्न देताना वैद्यकीय सल्ला घ्यावा, ही सूचना एके काळी अशा तांदळाच्या पिशवीवर छापणे बंधनकारक होते. पोत्यासोबत आलेल्या कागदांत त्या बाईला उपयोगी पडेल असे एक वाक्य नव्हते.

अशा बाईस केंद्राच्या हिशेबात 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असे पद आहे, आणि तिचे मानधन २००९ मध्ये महिना १००० रुपये, तेही वर्षातील दहा महिन्यांचे, असे ठरले. केंद्राने आपला त्यातील ६०० रुपयांचा वाटा त्यानंतर वाढविलेला नाही. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात, आपल्या राज्यानेही घातली आहे. पण ज्या पदावर देशभरातील सुमारे २५ लाख माणसे, बहुतांशी स्त्रिया, काम करतात, त्या पदाची मूळ किंमत दीड दशकाहून अधिक काळ गोठून राहावी, ही गोष्ट सभ्य राज्यकारभारास शोभणारी नाही. २५ मुलांपर्यंत एक बाई, १०० पर्यंत दोन, आणि पुढे दर शंभरास एक, अशी नेमणुकीची पद्धत आहे. दोन बायकांनी १०० मुलांसाठी भाजी निवडावयाची, चिरावयाची, कडधान्य भिजवून मोड आणावयाचे, शिजवावयाचे, वाढावयाचे आणि भांडी घासावयाची. सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथील मुले घरी ज्वारी-बाजरीची भाकर खातात, त्यांना शाळेतही भाकर द्यावी, असे पुष्कळ विद्वान सुचवितात आणि तत्त्वतः ते योग्यच आहे. पण १०० भाकऱ्या थापणारे हात कोठून आणावयाचे, याचा विचार त्या सूचनेत नसतो. नाचणीचे तसे नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि तांदळात दहाच्या आसपास. आणि तिचे सत्त्व अथवा आंबील मोठ्या पातेल्यात एका वेळी सर्वांसाठी होते. सह्याद्रीच्या उतारावर ती पिकविणारे शेतकरी आहेत, शाळेत ती खाणारी मुले आहेत, आणि दोघांमध्ये अंतर केवळ पाचसात कोसांचे आहे. तालुक्याच्या पातळीवर ती खरेदी करण्याचा अधिकार शाळांच्या गटास दिला, तर ते अंतर मिटेल.

ताटातील मोकळी जागा मोकळीच राहत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शाळेच्या फाटकासमोर जे किराण्याचे दुकान असते, तेथे पाच-पाच रुपयांच्या रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात, आणि मधल्या सुट्टीत एकाच चवीच्या भाताला विटलेले मूल त्या माळेखाली जाऊन उभे राहते. मीठ, तेल आणि मैदा यांच्या त्या पुडीने जिभेला एक सवय लागते, आणि ती लागली की वरणभात, उसळ, पालेभाजी ही सारी बेचव वाटू लागतात. शहरांतील खासगी शाळांत हेच उपाहारगृहाच्या आणि डब्याच्या रूपाने घडते. आईबापांना सकाळी वेळ नसतो, दोन मिनिटांत होणारे काही तरी डब्यात पडते. महाराष्ट्र शासनाने ८ मे २०१७ रोजी शाळांच्या उपाहारगृहांतून अतिरिक्त मीठ, साखर व मेदाचे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला होता, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास बंदी केली आहे. या बंदीची अंमलबजावणी कोठे दिसते, हे वाचकांनी आपापल्या गल्लीतील शाळेसमोर जाऊन पाहावे. माझी अशी धारणा आहे की ज्या शाळेत दुपारचे जेवण रुचकर आणि भरपूर असते, तेथे ही बंदी आपोआप अर्धीअधिक अमलात येते. आणि जेथे ते तसे नसते, तेथे दुकानदारावर खटले भरूनही काही साधत नाही.

या योजनेने काही साधले काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींतून वारंवार येतो, आणि 'मुले शाळेत शिकावयास न येता खिचडी खावयास येतात' असे एक वाक्य तुच्छतेने फेकले जाते. भुकेल्या मुलाने अन्नासाठी शाळेत यावे, यात लज्जास्पद काही असेल तर ते त्या मुलाच्या बाजूचे नाही. शिवाय पुरावाही उपलब्ध आहे. मध्य प्रदेशातील शाळांचा अभ्यास करून अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी दाखविले, की शाळेतील जेवणामुळे मुलांच्या आहारातील प्रथिनांची दैनंदिन तूट जवळजवळ पूर्णपणे, आणि उष्मांकांची तूट सुमारे ३० टक्क्यांनी भरून निघाली. लोहाची मात्र केवळ दहा टक्क्यांनी. या शेवटच्या आकड्यात भाताभोवतीच्या त्या मोकळ्या जागेचे मापच सापडते. आणि २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष तर मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळाले, त्या पुढे माता झाल्या तेव्हा त्यांच्या अपत्यांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली आढळली, आणि हा लाभ गरीब घरांत अधिक ठळक होता. म्हणजे आज शाळेच्या ओसरीवर बसून जेवणाऱ्या मुलीच्या ताटात आपण जे वाढतो, त्याचा हिशेब वीस वर्षांनंतर जन्मणाऱ्या बालकाच्या हाडांत लागतो.

शिक्षकांची तक्रार मात्र निराळी आहे आणि ती रास्त आहे. पोत्यांची आवक, शिल्लक साठा, दररोजच्या लाभार्थ्यांची संख्या भ्रमणध्वनीवर भरणे, भाजीपाला व इंधन यांची बिले, चव नोंदवही, आणि निधी वेळेवर न आल्यास वाण्याकडची उधारी, हे सारे मुख्याध्यापकाच्या शिरावर असते. एकदोन शिक्षकी शाळेत तर तोच पहिली ते चौथीचे वर्गही घेत असतो. हा जमाखर्च त्याच्याकडून काढून केंद्रशाळेच्या पातळीवर एखाद्या पगारी कर्मचाऱ्याकडे द्यावा. पण जेवणाच्या पंक्तीपासून त्याला मोकळे करू नये, असे मला वाटते. मुलांबरोबर शिक्षकाने बसावे, तेच अन्न त्यांच्यादेखत खावे, कोणते मूल दोन घास खाऊन उठले ते पाहावे. समाजसुधारक अनंत हरि गद्रे यांनी सर्व जातींच्या झुणका-भाकर सहभोजनांसाठी गावोगाव खटाटोप केला, त्यांना जी पंक्ती मोठ्या कष्टाने जमवावी लागे, ती आज प्रत्येक सरकारी शाळेत रोज दुपारी आपसूक बसते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींस प्राधान्य द्यावे असे सांगितले, त्यामागे हीच दृष्टी होती. आणि तरीही देशात कोठे कोठे अशा बाईच्या हातचे खाण्यास नकार देण्याचे प्रकार घडतात, ते थोपविण्यासाठी पंक्तीत शिक्षकाचे असणे हाच प्रत्यक्ष उपाय आहे.

मागणी फार मोठी नाही. अंडे, आणि न खाणाऱ्यांसाठी दूध किंवा शेंगदाणे, यांची तरतूद राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली पुन्हा व्हावी. ती आठवड्यास एकापासून सुरू करून तीन वर्षांत तीनपर्यंत न्यावी, आणि आदिवासी तालुके व ऊसतोड कामगारांची गावे यांत पहिल्या वर्षापासूनच तीनचा दर लागू करावा. स्वयंपाकी बायकांना बारा महिन्यांचे मानधन मिळावे आणि ते किमान वेतनाशी निगडित असावे. गुणसंवर्धित तांदूळ काय आहे, तो कोणाला द्यावयाचा आणि कोणाच्या बाबतीत डॉक्टरांस विचारावयाचे, हे सांगणारा एक पानाचा मराठी कागद प्रत्येक पोत्यासोबत जावा, आणि आदिवासी भागांत तो कोणी तरी तेथील बोलीत वाचून दाखवावा. भाजी आणि इंधन यांची रक्कम मागाहून परतावा म्हणून न देता तिमाहीच्या आरंभी आगाऊ जमा करावी. त्यातली पहिली रक्कम जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी खात्यावर पडलेली असावी, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात, भाजी महाग असते तेव्हा, मुख्याध्यापकास वाण्याकडे उधारी मागावी लागणार नाही.